दुय्यम पात्रे बदलताना काय राखायचे?

तुमचे पत्र आणि सोबत पाठवलेली कॉमिकची २२ पाने मी दोनदा वाचली. तुमच्या चित्रकार मित्राने रचलेल्या कथेत कोल्हापुरात गंगावेशीच्या बाजूला एका तालमीत वाढलेला तरुण रात्री मुखवटा चढवून बाहेर पडतो, आणि त्या कथेवरून तुम्ही ४० मिनिटांचा लघुपट करायला घेतला आहे. नायकाचे वस्ताद, त्याची थोरली बहीण आणि दूध कट्ट्यावर म्हैस घेऊन उभा राहणारा त्याचा मित्र ही तीन पात्रे पटकथेत बदलायचे ठरल्यावर चित्रकार नाराज झाला. मोठ्या सुपरहिरो चित्रपटांत अशी पात्रे सर्रास बदलली जातात, मग आम्ही बदलली तर बिघडले कुठे, असे तुम्ही विचारता. ती बदलतात म्हणूनच जुने वाचक दुखावतात, असे तो म्हणतो. मला त्याची नाराजी खरी वाटते आणि तुमचा बदलही आवश्यक वाटतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितो.

मी आज स्टोरीबोर्ड काढतो आणि पटकथा-रूपांतर शिकवतो, पण सुरुवात केली ती सिनेमाच्या बॅनरपासून. थिएटरवर हाताने रंगवलेली बॅनर लागत, त्या काळात इथल्याच एका पेंटरांच्या हाताखाली मी तीन वर्षे काढली. फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या करून कापडावर आखायच्या आणि चेहरा वाढवत न्यायचा, अशी ती रीत होती. नायकाचा चेहरा पेंटर स्वतः रंगवत आणि कोपऱ्यातली आई, मित्र, नोकर ही मंडळी माझ्या वाट्याला येत. एकदा मी नायकाच्या आईचे डोळे फोटोत होते तसेच, समोर बघणारे, रंगवले. पेंटरांनी ओला रंग फडक्याने पुसला, बुबुळे नायकाच्या दिशेने सरकवली आणि म्हणाले, ‘‘ही बाई त्याच्यासाठी इथं आली आहे.’’ आईचे नाक, लुगडे, वय यांतले काहीही त्यांनी बदलले नव्हते. पण तेवढ्याने बॅनरवर एक नाते उभे राहिले. दुय्यम पात्राला नायकाच्या आयुष्यात एक जागा असते आणि रूपांतर करणाऱ्याने आधी ती जागा शोधायची असते, हे मी त्या दिवशी शिकलो. पात्राचे रूप, वय, व्यवसाय हे सगळे त्यानंतर येते.

प्रथम तुमच्या मित्राच्या मनातल्या ‘मूळ’ या शब्दाबद्दल. कॉमिक हे मूळ आणि चित्रपट ही त्याची नक्कल, असे आपण धरून चालतो. दुय्यम पात्रांच्या बाबतीत इतिहास वेगळाच आहे. बॅटमॅनचा सेवक आल्फ्रेड १९४३ मध्ये कॉमिकमध्ये आला तेव्हा तो गोलमटोल, बिनमिशीचा आणि गुप्तहेर होण्याची हौस असलेला विनोदी माणूस होता. त्याच वर्षी कोलंबिया कंपनीने बॅटमॅनवर १५ भागांची चित्रपटमालिका काढली आणि तिच्यात विल्यम ऑस्टिन या सडपातळ, बारीक मिशीच्या नटाने आल्फ्रेड केला. पडद्यावरचे हे रूप इतके चपखल ठरले की १९४४ च्या आरंभी कॉमिकवाल्यांनी आपल्या आल्फ्रेडला आरोग्यधामात पाठवून बारीक करून आणि मिशी ठेवून परत आणले. आज ज्याला आपण मूळ आल्फ्रेड समजतो तो असा पडद्याने कागदाला दिलेला आहे. सुपरमॅनच्या वर्तमानपत्रातला जिमी ओल्सन हा पोरगेला सहकारी आणि संपादक पेरी व्हाइट यांची नावे १९४० मध्ये आधी रेडिओवर ऐकू आली आणि मग कॉमिकमध्ये उतरली. हार्ली क्विन १९९२ मध्ये बॅटमॅनच्या दूरचित्रवाणीवरील ॲनिमेशन मालिकेत जोकरची साथीदार म्हणून जन्मली. निक फ्युरीची गोष्ट तर दोन्हीकडून फिरली आहे. १९६३ मध्ये तो दुसऱ्या महायुद्धातला गोरा सार्जंट होता. २००२ च्या नव्या कॉमिकमालिकेत चित्रकार ब्रायन हिच यांनी त्याला सॅम्युएल जॅक्सन या कृष्णवर्णीय नटाचा चेहरा दिला, आणि २००८ मध्ये पडद्यावर जॅक्सन यांनीच ती भूमिका केली.

म्हणून ‘बदल केला’ एवढ्याने कोणतेही रूपांतर दोषी ठरत नाही. कोणत्या बदलाने पात्राची जागा राखली आणि कोणत्या बदलाने ती पुसली, हे पाहावे लागते. त्यासाठी मी वर्गात नेहमी एकच वाक्य घेतो, कारण ते वाक्य ६० वर्षांत तीन तोंडांतून गेले आहे.

मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते, हे स्पायडरमॅनचे वाक्य बेन काकांचे आहे असे आज लहान मूलही सांगेल. १९६२ च्या ऑगस्टमधला तो पहिला अंक, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा, उघडून पाहा. बेन काकांना तिथे मोजक्याच चौकटी आहेत आणि त्यांचा मृत्यू चित्रात दिसतही नाही. घराबाहेर उभा असलेला पोलीस पीटरला, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडरमॅनला, ती बातमी देतो. शेवटच्या चौकटीत पाठमोरा स्पायडरमॅन रात्रीच्या रस्त्यावरून दूर चालला आहे, आणि ते वाक्य वर निवेदनाच्या पट्टीत आहे. म्हणजे ते कोणत्याही पात्राने म्हटलेले नाही, ते कथा सांगणाऱ्याचे आहे. कागदावर हे चालते, कारण वाचक निवेदनाची पट्टी आणि चित्र एका नजरेत घेतो. पडद्यावर मात्र तेच वाक्य निवेदकाच्या आवाजात आले तर उपदेश वाटतो. २००२ च्या चित्रपटात म्हणून ते बेन काकांच्या तोंडी दिले गेले, मोटारीत बसून, पुतण्याशी अवघडून बोलताना. आणि पीटर त्यांच्यावर तडकतो. तीच त्यांची शेवटची भेट ठरते. पुढे रस्त्यावर कोसळलेल्या काकांजवळ पीटर पोहोचतो तेव्हा ते वाक्य उपदेशाचे राहत नाही, न मागितलेल्या माफीचे होते. कॉमिकमध्ये जवळपास बाहुलीसारखा असलेला माणूस एका वाक्याच्या जागाबदलाने हाडामांसाचा झाला.

२०१६ पासूनच्या चित्रपटांत पटकथाकारांनी आणखी धाडस केले. बेन काकांची हकीकत त्यांनी जवळजवळ काढूनच टाकली आणि मे काकू तरुण केली. १९६२ ची मे काकू पांढऱ्या केसांची आणि नाजूक प्रकृतीची होती. तिला काही कळू नये, तिचे काळीज दगावेल, या भीतीवर कॉमिकची कित्येक दशके चालली. मरिसा टोमेई यांची मे काकू बघून माझे अनेक समवयस्क नाराज झाले होते आणि खरे सांगायचे तर मीही साशंक होतो. पण २०२१ च्या चित्रपटात जखमी अवस्थेत तीच ते वाक्य बोलते, तेही १९६२ च्या मूळ शब्दांच्या अगदी जवळ जाऊन, आणि पुतण्यासमोर प्राण सोडते. त्या क्षणी आपल्या ध्यानात येते की पीटरला माणूस करणारे वडीलधारे माणूस ही जागा रिकामी ठेवलेलीच नव्हती. काकांची जागा काकूला दिली होती आणि पाच वर्षे आपल्याला ते कळू दिले नव्हते.

वयाचा बदल सर्वांत धोक्याचा असतो, कारण वय बदलले की नात्याचा उतार बदलतो. कॅप्टन अमेरिकाचा जोडीदार बकी १९४१ च्या कॉमिकमध्ये छावणीत वावरणारा शाळकरी वयाचा पोरगा आहे. स्टीव्ह, म्हणजे कॅप्टन अमेरिका, तंबूत पोशाख बदलत असताना तो आत शिरतो, गुपित फुटते, आणि म्हणून जोडीदार होतो. त्या काळच्या बालवाचकाला स्वतःला कथेत उभे करण्यासाठी अशा पोराची गरज होती. २०११ च्या पडद्यावर, खऱ्या वाटणाऱ्या युद्धात, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला बंदूक देणारा नायक कोणालाही नायक वाटला नसता. म्हणून बकी स्टीव्हच्या बरोबरीचा बालमित्र झाला. इतके कोणीही केले असते. पटकथाकारांनी त्यापुढे जाऊन सुरुवातीचा उतारच उलटा केला. हडकुळ्या स्टीव्हला गल्लीत मारहाण होत असताना सोडवायला बकी येतो. रक्षण करणारा तो आहे, रक्षिलेला स्टीव्ह आहे. मग स्टीव्ह धिप्पाड होतो, नाते फिरते, आणि रेल्वेतून दरीत कोसळणाऱ्या बकीचा हात त्याला धरता येत नाही. एड ब्रुबेकर आणि स्टीव्ह एप्टिंग यांनी २००५ पासून कॉमिकमध्ये बकीला मारेकरी म्हणून परत आणलेच होते, पण २०१४ च्या चित्रपटात तो परतला तेव्हाची वेदना मला कागदापेक्षा खोल वाटली, कारण ज्याने एके काळी आपल्याला वाचवले त्याच्याशीच आता नायकाला लढायचे होते.

काही पात्रे मात्र मुळातच सदोष असतात. त्यांची जागाच अपमानाची असते, आणि तिथे ती जागा राखणे हा गुण ठरत नाही. डॉक्टर स्ट्रेंज या जादूगार नायकाच्या १९६३ मधल्या कॉमिकमध्ये वाँग हा चहा आणून देणारा आशियाई नोकर आहे आणि त्याचा गुरू हा तिबेटी वृद्ध. दोघेही त्या काळच्या पाश्चात्त्य कल्पनेतल्या ‘पूर्वे’चे ठोकळे. २०१६ च्या चित्रपटाने दोघांनाही बदलले, पण दोन निराळ्या रीतींनी. वाँगला त्यांनी ग्रंथपाल केले. उद्दाम स्ट्रेंज पुस्तके मागायला येतो तेव्हा दाराशी वाँग उभा असतो आणि काय वाचायचे, काय नाही, हे तो ठरवतो. नायकाच्या जवळ सतत असणारा माणूस ही जागा तीच राहिली. पण मान खाली घालून उभा असलेला माणूस आता नायकाला दटावू लागला. २०२१ पर्यंत तर सर्वोच्च जादूगाराचे पद वाँगकडे आले, आणि ते प्रेक्षकांना स्वाभाविक वाटले.

गुरूच्या बाबतीत त्यांनी सोपी वाट धरली. तिबेटी वृद्धाचा ठोकळा नको म्हणून ती भूमिका केल्टिक वंशाची ठरवून टिल्डा स्विन्टन यांना दिली. त्यांचा अभिनय उत्तम आहे यात वाद नाही. परंतु कथा काठमांडूत, विद्या पूर्वेची आणि ती शिकवणारी व्यक्ती गोरी, हे अनेकांना खटकले, आणि मार्व्हल स्टुडिओचे प्रमुख केविन फायगी यांनाही २०२१ मध्ये त्या निवडीबद्दल फेरविचार बोलून दाखवावा लागला. माझ्या मते चूक अशी झाली की ठोकळ्याला माणूस करण्याऐवजी त्यांनी माणूसच काढून टाकला. वाँगच्या बाबतीत जी मेहनत घेतली ती इथे घ्यायची राहिली. उलट २०१८ च्या ‘ब्लॅक पँथर’मध्ये म्बाकूवर ती घेतलेली दिसते. १९६९ च्या कॉमिकमध्ये हा आफ्रिकी माणूस ‘मॅन-एप’ म्हणजे माणूस-वानर या नावाचा खलनायक होता. चित्रपटाने ते नाव टाकले, गोरिलाची उपासना आणि सिंहासनाला असलेला विरोध ठेवला, आणि त्या विरोधामागे डोंगरात बाजूला राहिलेल्या जमातीचे रास्त म्हणणे उभे केले. शेवटी तो राजाच्या मदतीला धावून येतो तेव्हा ते गळ्यात घातलेले वाटत नाही.

कधी कधी बदलाचे कारण कलेचे नसून कागदपत्रांचे असते. क्विकसिल्व्हर हा विलक्षण वेगाने धावणारा तरुण १९६४ पासून एक्स-मेनच्या कथांत आहे, पण त्याच्यावर दोन स्टुडिओंचा हक्क लागत होता. परिणामी २०१४ आणि २०१५ अशा लागोपाठच्या वर्षी तो दोन चित्रपटांत दोन वेगळी माणसे होऊन आला. २०१५ च्या चित्रपटाला मॅग्नेटो हा त्याचा बाप असल्याचे सांगता येत नव्हते, म्हणून त्याला युद्धात आईबाप गमावलेला, बहिणीला जपणारा भाऊ केले आणि दुसऱ्याला वाचवताना मारले. २०१४ च्या चित्रपटात बापाचा उल्लेख जेमतेम एका वाक्यात आहे: धातू हलवणाऱ्या मॅग्नेटोला तो सहज सांगतो की आईच्या ओळखीचा एक माणूसही हे करू शकत असे. समोरचा नुसता बघत राहतो. पाच सेकंदांत एवढे नाते मांडणे मला फार कमी वेळा पाहायला मिळाले आहे. टोनी स्टार्कचा, म्हणजे आयर्न मॅनचा, बटलर जार्विस २००८ मध्ये माणसाचा संगणकीय आवाज झाला, तोही माझ्या मते व्यवहारी निर्णय होता, कारण पडद्यावर श्रीमंत नायकाचा इंग्रज सेवक म्हटला की आल्फ्रेडच आठवणार.

अपयशाचे उदाहरण द्यायचे तर २०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मधल्या जिमी ओल्सनचे देतो. हसतमुख, धांदरट, सुपरमॅनवर जीव टाकणारा हा छायाचित्रकार त्या चित्रपटात सुरुवातीलाच अमेरिकी गुप्तहेर म्हणून उघडा पडतो आणि गोळी घालून मारला जातो. चित्रपटगृहात दाखवलेल्या आवृत्तीत त्याचे नावसुद्धा उच्चारलेले नाही. सुपरमॅनशी त्याची भेटच होत नाही. मग हे पात्र जिमी ओल्सन का, दुसरे कोणीही का नाही, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. तुमच्या मित्राला ज्या प्रकारच्या बदलाची भीती वाटते तो हा.

या संपूर्ण वादाला एका चित्रपटाने थेट कथेतच जागा दिली, तो म्हणजे २०२३ चा ॲनिमेशनपट ‘ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स’. १९७० च्या कॉमिकमध्ये स्पायडरमॅनची मैत्रीण ग्वेन हिचे वडील, पोलीस अधिकारी कॅप्टन स्टेसी, कोसळत्या विटांखालून एका मुलाला वाचवताना मरतात. या चित्रपटात अनेक समांतर विश्वे आहेत आणि तो प्रसंगच नियम होऊन बसला आहे: प्रत्येक विश्वातल्या स्पायडरमॅनच्या जवळचा एक पोलीस अधिकारी असाच मरायला हवा, नाही तर ते विश्व ढासळेल. भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर यात भेटतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या कॉमिकमध्ये तो शिष्यवृत्तीवर मुंबईला आलेला धोतरातला खेडेगावचा मुलगा होता आणि मीरा जैन ही त्याची मैत्रीण. चित्रपटात तो आपल्या केसांवर खूश असलेला शहरी मुलगा आहे आणि मैत्रीण गायत्री सिंग ही पोलीस निरीक्षकाची मुलगी. मैत्रिणीचे नाव आणि बाप बदलण्याचे कारण आता उघड होते. निरीक्षक सिंग यांना त्या नियमाच्या तोंडी द्यायचे होते. नायक माइल्स त्यांना वाचवतो आणि गोंधळ उडतो. शेवटाकडे ग्वेनचे वडील मुलीला सांगतात की आपण पोलिसातली नोकरी सोडली. मी हे दृश्य पाहताना खुर्चीत पुढे सरकलो होतो. कॉमिकने त्या पात्रासाठी मरण ठरवून ठेवले होते, आणि पटकथेने त्याला राजीनामा देऊन त्यातून बाहेर पडू दिले. तेही बापलेकीचे नाते जराही न सोडता, किंबहुना त्या नात्यासाठीच.

आता तुमच्या लघुपटाकडे येतो. वस्तादांच्या जागी महिला वस्ताद घ्यावी असे तुम्ही सुचवले आहे. आपल्याकडे आज मुली कुस्तीत उतरत आहेत, त्यामुळे ती व्यक्ती पटण्यासारखी आहे. पण २२ पानांत वस्ताद फक्त तीनदा दिसतात आणि तिन्ही वेळा एकच गोष्ट घडते: नायक त्यांच्याशी खोटे बोलू शकत नाही. रात्रभर हिंडून पहाटे तालमीत आला की ते त्याच्या बैठका मोजतात आणि किती कमी पडल्या एवढेच सांगतात. ही त्यांची जागा आहे. ती बाईंकडे जशीच्या तशी जाऊ शकते, मात्र जुन्या तालमीत बाईमाणसाने कुस्तीच्या हौद्यात उतरणे रूढ नव्हते हे विसरून चालणार नाही. त्या आत कशा आल्या, हे एका दृश्यात तरी दिसले पाहिजे. नाही तर प्रेक्षक ४० मिनिटे तोच विचार करत बसेल.

बहीण आणि दूधवाला मित्र यांना एकत्र करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. वेळ वाचवण्यासाठी दोन पात्रांचे एक करणे ही नेहमीची युक्ती आहे आणि बहुतेक वेळा ती चालते. तुमच्या कथेत मात्र मित्राला मुखवट्याचे गुपित माहीत आहे आणि बहिणीला फक्त संशय आहे. ही दोन माणसे एक झाली की ते ताणलेले सूत तुटते. वेळ कमी असेल तर मित्राचे संवाद कापा. दूध कट्ट्यावर बहीण भांडे पुढे करते, तो धार काढताना मान वर करत नाही; एवढ्यावर प्रेक्षकाला कळेल की याला काहीतरी ठाऊक आहे आणि हिला ते कळले आहे.

आणि स्टोरीबोर्ड दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ नका, तुमच्या चित्रकार मित्रालाच काढू द्या. नव्या पटकथेतली वस्तादबाई त्यानेच कागदावर उतरवली तर बदलाची किंमत आणि गरज त्याच्या हाताला आधी कळेल. पाने १४ आणि १९ इथल्या चौकटी कॅमेऱ्यासाठी उभ्या आहेत, त्या आडव्या करून घ्याव्या लागतील. त्याबद्दल पुढच्या रविवारी दोघे मिळून आलात तर प्रत्यक्ष बसून दाखवतो.